आईची चाल, डेलचा अल्बम

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिला माझं घोरणं ठाऊक आहे, रागाच्या भरात मी काय काय बोलतो ते ठाऊक आहे, हे मात्र नाही. तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे. ऐका, झालं.

आम्ही अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावात राहायचो. शेजारी डेल, कंट्री म्हणजे तिकडची गावरान गाणी गाणारा, दाढीवाला, अघळपघळ माणूस. वीकेंडला बारमध्ये गायचा, एरवी लोकांची छपरं दुरुस्त करायचा. लेकीच्या बारशाला त्यालाही बोलावलं. बाळंतपणासाठी सांगलीहून आलेल्या आईनं नातीसाठी पाळणा रचला होता. शब्द तिचे, चालही तिचीच. मावशीचं नाव, आत्याचं नाव, दारातली पाइनची झाडं — सगळ्यांना त्यात जागा. ओळखीच्या बायकांना तिनं तो शिकवला आणि सगळ्या मिळून गायल्या. आमच्याकडे बायका असं रचतात. कुणी रचलं हे कोण विचारतो? डेल घुगऱ्यांची वाटी धरून नुसता उभा होता.

काही दिवसांनी तो दारात आला. ती चाल डोक्यातून जात नाही म्हणाला. अल्बममध्ये घेऊ का? आणि मुळात कुणाची आहे?

आई आत पोळ्या करत होती. एक हाक मारायची, एवढंच. आणि मी — थांबा, नीट सांगतो. मला दिसलं, आई पदराला हात पुसत बाहेर येणार, मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणार, मग तिथंच गायला लागणार. मला लाज वाटली. आईची. हो, माझ्या आईची.

"ट्रॅडिशनल आहे," मी म्हणालो. "कुणाचीच नाही."

अल्बम असा खपला की विचारू नका. गॅस स्टेशनवर तीच चाल, सुपरमार्केटात तीच. डेलनं छपरं सोडली, गावोगाव कार्यक्रम करत फिरू लागला. मी सीडी घेऊन सांगलीला गेलो. आईनं डोळे मिटून ऐकलं.

"गोड गातो रे मेला! चाल माझी आहे, सांगितलंस ना त्याला?"

"सांगितलं की गं."

केवढी खूश झाली! शेजारच्या काकूंना बोलावून पुन्हा पुन्हा ऐकवलं. मी तिथंच बसलो होतो — चहा पीत. तेव्हा तरी तोंड उघडता आलं नसतं?

नंतर डेलच्या अंगणात पार्टी झाली. माझ्या खांद्यावर हात टाकून तो म्हणाला, "ही चाल जिनं केली ती बाई सापडली असती ना, तर गाण्याची सुरुवात तिच्याच आवाजात केली असती. फार मनात होतं यार. शेवटी तिथं गिटार घातली."

आई तेव्हा धडधाकट होती. फोन लावला असता तर धावत येऊन उचलला असता. मी डेलला विचारलं, बर्गर उरलेत का?

पुढच्या वर्षी आई गेली. अचानक. तिचा आवाज आमच्याकडे कशावरही रेकॉर्ड केलेला नाही. कुणाला सुचलंच नाही.

लेक आता शाळेत जाते. परवा म्हणाली, "बाबा, आजी कशी गायची? आय वॉन्ट टू हिअर हर."

मी तिला डेलची सीडी लावून दिली. सुरुवातीला गिटार वाजते.