ज्याचं गाऱ्हाणं, त्यानं गप्प बसायचं

उंब्रजपासून कुंडलपर्यंतच्या मुलखात आमच्या मामांचा धसका न घेतलेलं भांडण सापडणं कठीण होतं. बांधाचं असो, विहिरीच्या पाळीचं असो, की मोडायला आलेल्या सोयरिकीचं असो, मामा काळी घोंगडी खांद्यावर टाकून निघाले की त्या भांडणाचे दिवस भरले म्हणून समजावं. माझ्या आईचे हे थोरले भाऊ. कुंडलला त्यांचा चांगला ऊस होता, पण त्याच्याकडे बघायला मामी होती. मामा लोकांच्या भानगडींची मशागत करत. घोंगडी कशासाठी, तर मध्यस्थानं कुणाच्याच जाजमावर बसू नये म्हणून. पाण्याचा तांब्यासुद्धा घरचाच. "ज्येचं पाणी प्यालो, त्येची चूक दिसंनाशी हुती," असं ते म्हणत. तडजोड झाली की मात्र दोन्ही बाजूंना एका पंगतीला बसवायचे, स्वतः मधल्या पाटावर बसायचे आणि गव्हाची खीर वाढायला लावायचे. त्या पंगतीतून मध्यस्थ अर्ध्यावर उठला तर तडजोड मोडली, असं आमच्याकडे धरतात. मामा कधी उठले नाहीत.

त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. ज्याचं गाऱ्हाणं, त्यानं बैठकीत तोंड उघडायचं नाही. त्याची बाजू दुसऱ्यानं मांडायची. "आपलं दुखनं आपुन सांगाय लागलं की माणूस एकतर वरडतोय, न्हाईतर खोटं बोलतोय," हे त्यांचं तत्त्वज्ञान. वडूजला एका सोयरिकीच्या बोलण्यात नवरदेवानं मध्येच हुंड्यातल्या रेडिओचा विषय काढला, तर मामांनी शांतपणे विचारलं, "पावनं, म्हशीला पानी दावलंय का?" आणि त्याला गोठ्यात धाडून दिलं. लग्न ठरून पंगत बसली तरी बिचारा म्हशीपाशीच उभा होता. एवढा दरारा असलेल्या माणसाच्या डोळ्यांत कधी पाणी येईल, असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं.

पण आलं, आणि तेही भर पंगतीत. आजी, म्हणजे मामांची आई, वारली त्याला काही महिने झाले होते. म्हातारी पिकलं पान होती, त्यामुळे कुणी फार बोभाटा केला नाही. दिवसकार्याला मामा कोरड्या डोळ्यांनी सगळीकडे फिरत होते. पुढं एका तडजोडीच्या पंगतीत पानावर खीर पडली आणि मामा घळाघळा रडायला लागले. पहिल्यांदा लोकांना वाटलं, ठेचा लागला. दुसऱ्या गावी तेच झालं, तिसऱ्या गावीही तेच. शुभाच्या पंगतीत मध्यस्थच रडतो म्हटल्यावर लोक बिचकले. मामांना बोलावणी येईनाशी झाली. घोंगडी खुंटीवरच राहू लागली आणि मामा तिच्याकडे बघत दिवसच्या दिवस बसून राहू लागले. मामी सांगलीला माझ्या बिऱ्हाडी आली आणि म्हणाली, "तुझ्या मामांस्नी कायतरी कर रं. पहिलं बोलून जीव खायाचं, आता गप बसून खात्यात."

मी तेव्हा सांगलीत शाळामास्तर होतो. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी पत्ता सांगितला. हळदीच्या एका जैन व्यापाऱ्याच्या दुकानावरच्या माडीवर एक बाई नुकत्याच मुंबईहून येऊन बसल्या होत्या. त्या गोळी देत नसत, सुई टोचत नसत; माणसाला समोर बसवून नुसतं बोलतं करत. मनाच्या दुखण्यासाठी माडी चढायची हे त्या काळी आमच्या भागात कुणाच्या गावीही नव्हतं. वेड्यात काढतील म्हणून मामांनी गावात सांगितलं, "दात दुखतोय, सांगलीला जातो." ऊस दातानं सोलणाऱ्या माणसाचा दात दुखतोय म्हटल्यावर सगळं कुंडल हळहळलं. कुणी लवंगा आणून दिल्या, कुणी पेरूचा पाला. एका म्हातारीनं तर कोपऱ्यावर गाठून जबडा उघडायला लावला आणि आत डोकावून म्हणाली, "आवं, ह्यो तर घोड्याचा दात हाय! दुखतंय कुठं?" मामा म्हणाले, "लय आत दुखतंय, आक्का." ती एवढी एकच गोष्ट त्यांनी गावात खरी सांगितली.

माडीवर गेल्याबरोबर मामांनी खुर्ची बाजूला सारली आणि घोंगडी अंथरली. बाईंनी पाणी पुढं केलं तर आपला तांब्या दाखवला. बाई पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या, शांत. त्यांनी विचारलं, "बोला, काय होतंय?" मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यो सांगंल. गाऱ्हाणं माझं हाय, मला बोलता येत न्हाई." बाईंच्या आजवरच्या अनुभवात असं माणूस बसलं नसावं. त्या थोडा वेळ दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या, मग मला म्हणाल्या, "बरं, तुम्ही सांगा."

मी मास्तर माणूस, घसा साफ करून सुरुवात केली. मामा उंब्रजला गेले होते, दोन भावांचं विहिरीचं भांडण मिटवायला. इकडे आजीचं दुखणं वाढलं, मोटारसायकलवरून माणूस धाडला, पण निरोप उशिरा पोचला. मामा आले तोवर आजी गेली होती. नाइलाज होता. घरात आम्ही सगळे हेच सांगत होतो आणि हेच खरं मानत होतो.

"खोटं हाय," मामा म्हणाले.

उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःचा नियम पहिल्यांदा मोडला होता. घोंगडीचं टोक मुठीत धरून ते म्हणाले, "निरोप येळंवर आलावता. पानं वाढलीवती. उठलो असतो तर त्ये दोघं भाव पुन्यांदा कुऱ्हाडी घेऊन उभं ऱ्हायलं असतं. म्हनलं, जेवान उरकतो नि निघतो. जेवलो बाई मी. खीर खाल्ली. वर मागून घेतली. तिकडं आई 'आला का, आला का' करत ऱ्हायली." खाली हळद पाखडण्याचा आवाज येत होता. ती माझीही आजी होती.

पुढच्या खेपेला मामा घुश्शातच होते. "बाई, तुमी नुसतं ऐकताय. आमी दोनी बाजू ऐकून निकाल देतो. द्या की माझा निकाल! काय दंड आसंल त्यो सांगा." बाई म्हणाल्या, "पण मी अजून एकच बाजू ऐकली. दुसरी बाजू तुमच्या आईची. त्या तर येऊ शकत नाहीत. तुमच्या रिवाजानं त्यांची बाजू दुसऱ्या कुणीतरी मांडायला हवी ना?" मामा चमकले. नियमात कुठंच खोट सापडेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

मग मामा घोंगडीवर सरसावून बसले, बैठकीत बसायचे तसे, आणि आजीच्या वतीनं बोलायला लागले. "म्हातारीचं म्हननं असं हाय, की तिनं लय वाट बघितली. दाराकडं तोंड करून निजलीवती. ल्योक गावाची भांडनं मिटवतोय, आन् आईला घोटभर पानी पाजाय आला न्हाई. तिला राग हाय. राग असनारच की." ते थांबले. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "पर म्हातारी पुढं म्हनती, भरल्या ताटावरनं उठू नये हे ह्येला मीच शिकीवलंय. त्यो उठला असता आन् तिकडं मुडदा पडला असता, तर मीच ह्येला उंबऱ्याच्या आत घेतला नसता. राग हाय, पर दावा न्हाई." एवढं बोलून मामा लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. बाईंनी त्यांना पोटभर रडू दिलं.

पुढच्या खेपेला मामा दातदुखीचं सोंग टाकून, मामीनं केलेल्या खिरीची बरणी घेऊन माडी चढले. तडजोड झाली म्हणजे पंगत बसलीच पाहिजे. बाई म्हणाल्या, "माझ्या कामात असं चालत नाही." मामा म्हणाले, "माझ्या कामात ह्येच्याशिवाय चालत न्हाई. म्हातारी पुन्यांदा रुसंल." अखेर बाई घोंगडीवर मांडी घालून बसल्या. एक वाटी आजीच्या नावानं भिंतीकडे ठेवली. मामांनी पहिला घास घेतला, थोडं पाणी आलं डोळ्यांत, पण वाटी संपली. बाईंनी वर मागून घेतली. त्यानंतर मामांच्या पंगती पुन्हा सुरू झाल्या. खीर आली की त्यांचे डोळे जरासे ओले होत, पण लोक आता बिचकत नसत. उलट मामांच्या डोळ्यांत पाणी आलं की तडजोड पक्की, असं म्हणू लागले. लोकांचं काय सांगावं!

मामांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. "मामा सिरियस" असा निरोप सांगलीला आला, तेव्हा मी नुकता जेवायला बसलो होतो. मी तसाच उठलो आणि मिळेल त्या गाडीनं कुंडल गाठलं. मामा शुद्धीवर होते, दाराकडे तोंड करून निजलेले. मला बघून पुटपुटले, "जेवलास का रं?"

"नाही मामा, ताटावरून उठून आलो."

"गाढव हायस," मामा म्हणाले, आणि त्यांनी माझा हात धरला. तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.