एका हातानं जेवणारं कुत्रं

माझे सासरे कुत्र्यामांजरांतले मोठे जाणकार होते. निदान त्यांचं स्वतःचं मत तसं होतं, आणि पिंपरी पेंढारच्या पारावर ते खोडून काढायला कुणाला सवड नव्हती. थंडीत कुत्र्याला राखेत बसू द्यावं, उन्हाळ्यात त्याच्याखाली ओलं पोतं अंथरावं, भाद्रपदात चुकूनही मोकळं सोडू नये, मांजरीच्या पिलांना हात लावू नये. हे सगळं ते येईल त्याला ऐकवत. पोतं ओलं मात्र मी करायचं. त्यांनी आमच्या कुत्र्यापुढं भाकरीचा तुकडा टाकलेला मी कधी पाहिला नाही.

त्यांचा सगळ्यांत लाडका सल्ला वेगळाच होता. "राखणीच्या कुत्र्याला येकाच हातानं खायाला घालावं. मंग ते दुसऱ्या कुणाचं ऐकत न्हाई." तो एक हात कुणाचा, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही. घरात सून होती.

सून होती, पण तिला आवाज नव्हता. मामंजींसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही ही आमच्या घरची रीत. "आमच्या सुनंचा आवाज मी आजून ऐकला न्हाई," असं ते पाहुण्यांना सांगत, जणू त्यात त्यांचाच काही पराक्रम होता.

प्लेगच्या साली घरोघर उंदीर पडू लागले आणि सगळं गाव माळावर झोपड्या बांधून राहायला गेलं. मांजरीला मामंजींनी जातीनं पोत्यात घातलं आणि तिनं वाट विसरावी म्हणून ते पोतं गरागरा फिरवलं. घेरी त्यांनाच आली. मांजर दिवस मावळायच्या आत परत घरच्या भिंतीवर जाऊन बसली. "मांजराची जातच बेइमान," ते म्हणाले. कुत्रं इमानी, म्हणून त्याला बंद दारापाशी साखळीनं बांधून ठेवलं. इमानाचं हे बक्षीस.

माझा जीव तिथंच अडकला. गाव ओस, थंडीचे दिवस, डोंगरातून बिबट्या खाली उतरायचा, आणि बांधलेलं कुत्रं पळणार तरी कुठं? त्याला सोडा म्हणून मी नवऱ्याला सुचवून पाहिलं. त्यांनी ते वडिलांच्या कानावर घातलंच नाही. घातलं असतं तर मलाच नवल वाटलं असतं. मामंजी स्वतः गावाकडं फिरकत नव्हते. भाकरी घेऊन मला मात्र रोज धाडायचे. सुनांना प्लेग होत नाही, अशी त्यांची खात्री असावी.

मी कुत्र्याभोवती बाभळीच्या फांद्यांचा आडोसा केला, राखेवर पोतं अंथरलं, पाण्याचं मडकं ठेवलं. भाकरी कुस्करताना त्याच्याशी बोलायची. त्या दारात मोठ्यानं बोलायची माझी ती पहिलीच वेळ, आणि मला ते फार आवडलं. कुत्रं कान टवकारून सगळं ऐकून घ्यायचं.

ते जगलं. साथ ओसरली आणि माणसं बोचकी घेऊन गावात परतली. आमच्या दारातल्या बाभळीच्या फांद्या काठीनं बाजूला सारत मामंजी किल्ली घेऊन पुढं झाले. कुत्रं गुरगुरलं. "आरं, मी हाये," ते म्हणाले. कुत्र्यानं दात दाखवले. त्यांनी काठी उगारली, तसा त्यानं धोतराचा सोगाच धरला. मामंजींचा सल्ला त्यानं अगदी तंतोतंत पाळला होता. साखळी दारापर्यंत पोचत होती, त्यामुळं कुलपाला हात लावायची सोय राहिली नाही. शेजारीपाजारी बोचकी खाली ठेवून बघत उभे राहिले. भिंतीवर मांजर तोंड धूत होती.

शेवटी मागं न बघता मामंजी म्हणाले, "सूनबाय, तू बोल त्येला. तुझंच ऐकंल त्ये."

माझ्या एका हाकेचं काम होतं. ते त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आता सगळ्या आळीलाही कळलं होतं.

मी पदर पुढं ओढला, मान खाली घातली, आणि घरंदाज सुनेनं सासऱ्यासमोर उभं राहावं तशी गप्प उभी राहिले.