सगुणाबाईचा दगड

गडाच्या कड्यापाशी एका दगडाला शेंदूर फासलेला होता आणि एक बाई त्याची ओटी भरत होती. खण, नारळ, हिरव्या बांगड्या. मी सहज विचारलं, "हे कोणाचं ठाणं?"

"सगुणाबाईचं. किल्लेदाराची बायको. गड पडला तवा हितनं उडी घेतली तिनं. नवसाला पावते."

सगुणा मी जन्माला घातली होती, पहिल्या कादंबरीत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. नाव आमच्या दूधवालीचं. पुढे इतिहास लिहायला लागलो तेव्हा तळटीपेत तसं कबूलही केलं, पण तळटीप कोण वाचतं? जुन्या कागदांतून जी खरी माणसं मी उकरून काढली, त्यांच्या नावानं कुठे पणतीही लागत नाही.

"ताई, अशी कुणी बाई नव्हतीच," मी म्हणालो. "ती मी कादंबरीत लिहिली."

तिनं कीव आल्यासारखं पाहिलं. "माझी लेक उठून चालाय लागली, काका. घरात कुणी आजारी असंल तर मागा. ऐकते ती."

घरात होतं. बायकोच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि तिच्या उशाशी बसवेना म्हणूनच मी सकाळी गडाची वाट धरली होती. मी हात जोडले, डोळेही मिटले. जन्मभर शब्दांवर जगलो आणि आता एक शब्द सुचेना. सगुणाबाईकडे काही मागता येत नाही असा त्या गडावर मी एकटाच होतो.