तेलाच्या टाकीतलं गाणं
स्टेनवोर माझी शाळेतली जुनी विद्यार्थिनी. आइसलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आमच्या गावात ती मासळीच्या कारखान्यात काम करते आणि तिघांचा बँड चालवते. त्यांची संथ गाणी तिला माशांच्या तेलाच्या जुन्या, रिकाम्या टाकीतच रेकॉर्ड करायची होती, कारण तिथे एकेक सूर नऊ सेकंद घुमतो. सोमवारी टाकी पाडणार होते. रविवारी तिला कुलूप लागणार, म्हणून हातात फक्त शनिवार होता. मीही ऐकायला गेले.

पहिल्याच गाण्यात ड्रमच्या घुमण्यात गिटार बुडाली.

"भिंतींना घोंगड्या लावू या," ड्रमर केटिल म्हणाला.

"मग घुमणार काय? त्यापेक्षा तुझ्या आईच्या स्वयंपाकघरातच वाजवू की!" स्टेनवोरने बोटीवरचे जाड लोकरीचे हातमोजे त्याच्याकडे फेकले. "काठ्या ठेव. हे घालून हातांनी वाजव, आणि आधीचा ठोका ओसरल्याशिवाय पुढचा नाही."

"अगं बाई, ड्रमर आहे मी, कणीक मळणारा नाही!"

"आज मळ."

अकरा वेळा तिने गाणं मध्येच थांबवलं. शाळेतही गणित सुटल्याशिवाय ही मुलगी घरी जायला कोट चढवत नसे. बाराव्या वेळी ठोके लांबच्या लाटांसारखे आले आणि त्यांच्यावर गिटार स्वच्छ ऐकू आली. शेवटचा सूर पुरता विरेपर्यंत मीसुद्धा दाराशी श्वास रोखून उभी होते.

स्टेनवोरने यंत्र बंद केलं. "आता खुशाल पाडा म्हणावं."