बदकाच्या पायातला वाळा

मॅलकी मामाला गावात कोणी मॅलकी म्हणत नाही. पबचं दार ढकललं की आतून आरोळी येते, "काय रे क्वॅक, आज काय दिसलं? मोर?"

काही वर्षांपूर्वी तो पावाची गाडी चालवायचा. फेरी संपवून तळ्यावर थांबला, आणि त्याला पांढऱ्या डोळ्याचं, तांबूस बदक दिसलं. आमच्या परगण्यात ते कुणी कधी पाहिलं नव्हतं. पण फोटो नाही, सोबतीला कोणी नाही. पक्ष्यांच्या नोंदी तपासणाऱ्या समितीने कळवलं : पुरावा अपुरा. झालं! मामाचा क्वॅक झाला तो तेव्हापासून.

या जानेवारीत तसंच बदक पुन्हा आलं. मामाच्या छातीचा आता भाता झालाय. पुढच्या हिवाळ्यात तळ्यापर्यंत जाणं जमेलसं डॉक्टरला वाटत नाही. "एक बदक माझ्या नावावर लागू दे, मग मी घरात बसतो," मामा म्हणाला, आणि त्याने चक्क फर्गलला फोन केला. फर्गल म्हणजे समितीचा आमच्याकडचा माणूस. पबमध्ये सगळ्यात मोठ्याने ओरडणाराही तोच.

आम्ही तिघे तळ्यावर गेलो. माझ्या लहानपणी पलीकडचा काठ बदकांनी काळा व्हायचा. आता मोजकीच उरलीत. त्यांत ते एकटं तरंगत होतं.

फर्गलने दुर्बिणीला डोळा लावला. "रंग बरोबर. डोळा पांढरा. शेपटीखाली पांढरं. संकर नाही." मग हळूच, "पण पाय?"

पाळलेल्या बदकाच्या पायात वाळा घालतात. वाळा असला, की कितीही दुर्मीळ असो, ते कुणाच्या तरी बागेतून पळालेलं. हिशेबातच नाही. आणि बदकाचे पाय पाण्याखाली.

मग आम्ही त्याला खाज सुटायची वाट बघत बसलो.

"खाजव, बाबा, खाजव," मामा पुटपुटला.

"आमची ही म्हणते," फर्गल म्हणाला, "बदकाचे पाय बघायला एवढा वेळ आहे, माझे कधी बघितलेत का?"

मामा हसला, आणि खोकतच राहिला. फर्गल चहा आणायला गाडीकडे गेला.

तेवढ्यात बदकाने पाय उचलून मान खाजवली. मला लांबून नुसता तपकिरी ठिपका दिसला. दुर्बिणीला डोळा लावलेल्या मामाची पाठ मात्र ताठ झाली.

फर्गल परतला. "काही?"

"वाळा आहे. पिवळा."

"नक्की?"

"नक्की."

"मी इथे नव्हतो, गाढवा! गप्प बसला असतास तर..."

"तर काय?"

फर्गलने चहा ओतला. कप पुढे करत म्हणाला, "मॅलकी." नाव घेतलं! "तुझं जुनं बदक मी पुन्हा समितीपुढे ठेवतो. आता तुझा शब्द पुरेल."

मामाने कप दोन्ही हातांत धरला. प्यायला नाही.

"नको."

"का रे?"

"त्याचे पाय मी पाहिले नव्हते."

गारांसारखा पाऊस सुरू झाला. बदक सरळ आमच्याकडे पोहत आलं, न बिचकता. कुणीतरी रोज खाऊ घातलेलं असणार. मामाने खिशातून पावाचा कडक तुकडा काढला. "ये मेल्या, हावरटा."

ते काठावर चढलं, चोच पुसली, आणि वाळा आम्हां तिघांनाही दिसला. फर्गलने कॅमेरा बाहेर काढलाच नाही.