मामांच्या नडगीतलं सेंटरिंग

माझ्या मामांना घरात सगळे 'कशावरून मामा' म्हणतात. दूध ताजं आहे म्हटलं तरी त्यांचा पहिला प्रश्न तोच. चाळीस वर्षं सेंटरिंगचे मिस्त्री. स्लॅब ओतण्याआधी खालून फळ्या आणि टेकू लावायचे, काँक्रीट घट्ट झालं की ते काढून घ्यायचे, हे त्यांचं काम. असाच एकदा टेकूंचा ढीग अंगावर घसरला, नडगीचा चुरा झाला आणि हाडाचा दोन बोटांएवढा तुकडा कायमचा गेला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, त्या जागी कृत्रिम हाडाचे दाणे भरू, त्यात मामांच्याच कमरेच्या हाडातून काढलेल्या मूळपेशी मिसळू. नाहीतर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. मामांनी नमुन्याचा एक दाणा मागून घेतला, चिमटीत दाबला. त्याची भुकटी झाली.

"खडू भरतायत पायात," असं म्हणून ते घरी येऊन बसले. मामी रडकुंडीला आली. मी तर तोंडाला येईल ते बोलले, कारण तो पाय वाचवायला आता थोडेच दिवस उरले होते.

शेवटी डॉक्टरबाईंनीच फोनवर समजावलं. हाडाला स्क्रूने बसवलेली धातूची पट्टी तोवर भार पेलेल. दाण्यांच्या आधाराने पेशी नवं हाड बांधतील आणि दाणे हळूहळू विरून जातील. मामा म्हणाले, हे तर सेंटरिंगच झालं. आम्ही हुश्श करतोय तोवर पुढची शंका आली, की टेकू काढायची वेळ झाली हे ठरवणार कोण?

ऑपरेशन झालं. आठ महिन्यांनी एक्स-रेत हाड भरलेलं दिसलं. मामांना तो एक्स-रे दुसऱ्याच कुणाचा वाटला. तीनदा काढला, तरी मामा पाऊल जमिनीला टेकवेनात. भार मिळाला नाही तर नवं हाड विरळ होईल, सगळी मेहनत पाण्यात जाईल, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. मामा कुबड्या घट्ट धरून उभे.

"ठेकेदाराच्या शब्दावर एकदा दोन दिवस आधी टेकू काढले," ते म्हणाले. "स्लॅब कोसळला, माझ्या जोडीदाराचा हात गेला त्यात. तेव्हापासून माझ्या कामावर एकच नियम. काढा म्हणणाऱ्याने आधी स्वतः स्लॅबखाली उभं राहायचं."

डॉक्टरबाईंनी फाइल बाजूला ठेवली, खाली बसल्या आणि आपला उजवा तळहात मामांच्या पावलाखाली फरशीवर पसरला. त्याच हाताने त्या ऑपरेशनं करतात.

"टाका भार," त्या म्हणाल्या.

मामा त्या हाताकडे बघत राहिले, मग त्यांच्या तोंडाकडे. तिथे काही लपवलंय का, हे ते शोधत होते. मला त्यांचा राग आला, आणि कीवही.

"हात काढा, बाई," ते म्हणाले. "मला अजून खात्री नाही."

डॉक्टरबाईंनी हात हलवला नाही. तेव्हा मामांनीच पाऊल वीतभर बाजूला घेतलं, दोन्ही कुबड्या माझ्याकडे दिल्या आणि फरशीवर पूर्ण भार टाकला.