सूप मांडीवर घेऊन बसलेली मुलगी

निपाणीजवळच्या एका अंगणवाडीत मी कॉलेजच्या सरावासाठी जात होते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुणाला काही सांगायचं धाडस सहसा व्हायचं नाही. तरी एक गोष्ट मी अंगणवाडीच्या बाईंकडून मागून घेतली होती: खोलीचा एक कोपरा, मुलांना हवं ते खेळायला.

"कॉलेजातनं नवं शिकून आलीयास, घे बाई," त्या हसून म्हणाल्या. "पण केर तूच काढायचास."

वर्गात एक चार वर्षांची मुलगी होती. आल्यापासून कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. एकदा ती त्या कोपऱ्यात गेली, ताटली सुपासारखी मांडीवर घेतली, बदामाच्या पानांचे तुकडे केले आणि माती भरून वळायला लागली. वर दोराही गुंडाळला. मग शेजारच्या पोराला म्हणाली, "हात लावू नगं." तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

हा खेळ कानावर गेला, तशी दुसऱ्या दिवशी तिची आई रागानं आली. ती घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची.

"मी विड्या वळते म्हणून पोरीनं बी त्येच करायचं व्हय? उद्यापास्नं न्हाय पाठवत. घरात बसू दे."

घरात बसायचं म्हणजे दिवसभर तंबाखूच्या धुळीत, तेही गप्प. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. बाई माझ्याकडे बघत होत्या. पानं उचलून टाकली असती तर विषय मिटला असता. पण मी म्हणाले, "आक्का, तुम्हाला राग येणारच. पण ती तिथं बोलते. न्यायच्या आधी एकदा बघा."

ती खिडकीशी उभी राहिली. आत मुलगी पानं वळता वळता एका बारक्या पोराला दटावत होती. "हितं बसू नगंस. धूळ लागतीया. शाळंला जा. मी न्हाय गेले, तू जा."

आई खिडकीचा गज धरून बघत राहिली.

"ह्ये माझंच बोलणं," ती शेवटी म्हणाली. "डोळं बी तसंच वटारतीया, बघा की."

"ती तुम्हीच होऊन खेळतेय, आक्का. तिला सगळ्यात जास्त तुम्हीच माहीत."

"आणि दुसरं काय खेळाय देता?"

"तिला सुचेल ते. बाजार, एस्टी, दवाखाना. पण पानं मी काढणार नाही." एवढं ठामपणे मी घरीसुद्धा कधी बोलले नव्हते.

ती तशीच निघून गेली. उद्या पोरगी येईल की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

सकाळी मायलेकी अंगणवाडीच्या दारात होत्या. आईनं औषधाची धुतलेली रिकामी बाटली माझ्या हातात दिली. "दवाखान्याला ठेवा."

मुलगी आत पळाली. आई दारातच थांबली. डॉक्टर कोण होतंय ते तिला बघायचं होतं.